परिचारिकेची नोंद आणि रुग्णाची तहान

(शनिवार पेठ, पुणे येथील व्याख्यानाचा मजकूर)



शनिवार पेठेतून निघावे, शनिवारवाडा उजवीकडे ठेवून कसब्यातून पुढे जावे, मंगळवार पेठ ओलांडावी, की पुणे स्टेशनच्या अलीकडे ससून रुग्णालय लागते. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभी राहिलेली त्याची जुनी दगडी इमारत १८६७ साली पुरी झाली. पेठांतील ज्या घरातले कोणीच त्या रुग्णालयाच्या खाटेवर कधी पडलेले नाही, असे जुने घर शोधूनच काढावे लागेल. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे नाव अशा घरांतून दोन-दोन पिढ्या सांगितले जाते. पण रात्री दोन वाजता रुग्णाला कुशीवर वळविणारी, त्याचे ओले कपडे बदलणारी, सलाईनची गती पाहून जाणारी जी बाई असते, तिचे नाव कोणी विचारून घेतलेले नसते. ती सर्वांची 'सिस्टर' असते. तिच्या मायाळूपणाची स्तुती होते, कधी तिच्या खेकसण्याची तक्रार होते. तिने काही विचार केला असेल, काही निर्णय घेतला असेल, ही कल्पना मात्र कोणाच्या मनाला शिवत नाही.

आजचा विषय तो विचार आहे. तो करायला तिला शिकविले जाते काय, शिकविलेले वापरायला तिला वेळ मिळतो काय, आणि तिने केलेला विचार रुग्णालयाच्या व्यवहारात विचार म्हणून धरला जातो काय, हे तीन प्रश्न येथे पाहावयाचे आहेत.

परिचारिकांच्या प्रत्येक अभ्यासक्रमात आज 'नर्सिंग प्रोसेस' नावाचे एक प्रकरण असते. मराठीत त्याला परिचर्या-प्रक्रिया म्हणता येईल. तिच्या पायऱ्या पाच. रुग्णाची नीट पाहणी करून माहिती गोळा करणे ही पहिली. त्या माहितीवरून त्याची अडचण नेमकी कोणती हे ठरविणे ही दुसरी. त्या अडचणीवर कोणी, केव्हा, काय करायचे याची योजना आखणे ही तिसरी. ती योजना अमलात आणणे ही चौथी. आणि योजनेचा उपयोग झाला की नाही हे पुन्हा रुग्णाकडेच जाऊन पडताळणे ही पाचवी. अमेरिकेत लिडिया हॉल यांनी १९५५ साली परिचर्या ही एक प्रक्रिया आहे असे मांडले. आयडा जीन ऑर्लँडो यांनी १९६१ साली परिचारिका व रुग्ण यांच्या संबंधावर पुस्तक लिहून त्या विचाराला आकार दिला. अमेरिकेच्या परिचारिका संघटनेने १९७३ साली तो आपल्या व्यवसायाच्या मानकांत घेतला, आणि त्याच दशकात ब्रिटनमधील परिचारिकांच्या शिक्षणातही तो शिरला. तेथून तो भारतात आला.

ऐकायला हे सारे फार साधे वाटते. पिकाची पाने पिवळी पडलेली पाहून शेतकरी नेमके हेच करतो. मग यात नवे काय? नवे हे, की तोवर परिचारिकेने डॉक्टरांचा हुकूम पाळावा एवढीच अपेक्षा होती. निदान डॉक्टरांनी करायचे, हात परिचारिकेने चालवायचे, अशी ती वाटणी होती. परिचर्या-प्रक्रियेने सांगितले की परिचारिकेलाही एक निदान करायचे असते. डॉक्टर आजाराचे निदान करतात. त्या आजारामुळे या माणसाला स्वतःसाठी काय करता येईनासे झाले आहे, याचे निदान परिचारिका करते. दोन्ही निदाने वेगळी आहेत आणि दोन्हींवाचून रुग्ण बरा होत नाही. एका कष्टकरी वर्गाला, त्यातही बहुतांशी स्त्रियांच्या वर्गाला, कामाबरोबर बुद्धी वापरण्याचा हक्क आहे असे हा विचार सांगतो. कागदावर तो पाठ्यपुस्तकातला एक तक्ता दिसतो, पण त्याच्या पोटात हा हक्क आहे.

एक उदाहरण कल्पून पाहावे. वेल्ह्याकडच्या डोंगरातली सत्तरीची एक म्हातारी चाऱ्याचा भारा आणताना पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. तिला पुण्याच्या सरकारी रुग्णालयात आणले. पायाला वजन बांधून ती खाटेवर उताणी पडून आहे. डॉक्टरांचे निदान स्पष्ट आहे, शस्त्रक्रियेचा दिवस ठरायचा आहे. तिसऱ्या दिवशी म्हातारी असंबद्ध बोलू लागते. वय झाले, भ्रम झाला, असे म्हणून सगळे पुढे जातात. एक परिचारिका मात्र थांबते. खाटेशेजारच्या टेबलावरचा पाण्याचा पेला सकाळी होता तसाच भरलेला आहे हे तिला दिसते. ती म्हातारीचे ओठ पाहते, जीभ पाहते, लघवीचा रंग पाहते, दोन दिवसांचा पाण्याचा तक्ता काढते. मग स्टूल ओढून बसते आणि विचारते, "आजी, पाणी का नाही पीत?" बऱ्याच वेळाने उत्तर येते, "बाई, पानी प्यालं की मंग ते भांडं मागावं लागतंय. समूर दुसऱ्यांची गडीमाणसं बसल्याली. पडदा न्हाई."

म्हातारीने लाजेपोटी पाणी सोडले होते. हे निदान कोणत्याही यंत्रात दिसणार नव्हते आणि रक्ताच्या तपासणीत त्याचे फक्त परिणाम दिसले असते. आता योजना आखता येते. खाटेभोवती पडदा लावायचा. ठरलेल्या वेळी मावशींनी न मागता भांडे आणायचे, म्हणजे मागण्याची लाज उरणार नाही. दर दोन तासांनी अर्धा पेला पाणी द्यायचे आणि सुनेला त्याचे कारण समजावून सांगायचे. दुसऱ्या दिवशी लघवी किती झाली, तिचा रंग बदलला काय, म्हातारी आपल्या नातवाचे नाव बरोबर सांगते काय, हे पाहायचे. यात एकाही औषधाची गरज पडली नाही. हे झाले नसते, तर मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, वाढलेला भ्रम, भ्रमात हातपाय झाडते म्हणून बांधलेले हात, बांधल्यामुळे पाठीला पडलेले शय्याव्रण, अशी उतरंड लागली असती आणि शेवटी दाखल्यावर 'वार्धक्य' लिहिले गेले असते.

परिचर्या-प्रक्रिया म्हणजे काय, याचे उत्तर त्या स्टुलावर बसलेल्या पाच मिनिटांत आहे.

आता प्रत्यक्ष वॉर्डात काय घडते ते पाहू. वॉर्डात रुग्णाची वाटणी होत नाही, कामांची होते. एक सिस्टर सगळ्यांना इंजेक्शने देते, दुसरी सगळ्यांचा ताप आणि नाडी लिहिते, तिसरी सगळ्यांची ड्रेसिंगे करते. प्रत्येक खाटेपाशी दिवसभरात चार-पाच जणी येऊन जातात आणि एकीलाही तो माणूस सबंध दिसत नाही. 'सात नंबरचा हर्निया', 'बारा नंबरची फ्रॅक्चर' अशी मग त्यांची नावे पडतात. लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातील परिचारिकांचा अभ्यास करून इझाबेल मेन्झीस यांनी १९५९-६० च्या सुमारास असे दाखविले, की कामांची ही तुकडेवाटणी केवळ सोयीसाठी नसते. दुःख, मृत्यू आणि उघडी शरीरे सतत पाहावी लागणाऱ्या माणसांना त्या वेदनेपासून थोडे दूर ठेवण्याचाही तो एक मार्ग असतो. माणूस सबंध दिसला की त्याचे दुःखही सबंध दिसते. म्हणून माणसाचे तुकडे केले जातात. परंतु या रीतीने परिचारिकेचे दुःख कमी होत नाही, फक्त तिला तिच्या कामात मिळू शकणारे समाधान हिरावून घेतले जाते, हेही त्या अभ्यासाने सांगितले. आपल्याकडच्या कित्येक परिचारिका तेच सांगतात. दिवसभर धावपळ झाली, पण कोणासाठी काय केले ते सांगता येत नाही, असे त्यांच्या बोलण्यात वारंवार येते.

शिक्षणाच्या काळात त्यांनी जे केलेले असते त्याचे पुढे काय होते? विद्यार्थिनी असताना प्रत्येकीने केअर प्लॅन लिहिलेले असतात. रकाने आखून, लाल-निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात एकेका रुग्णाची योजना चार-चार पाने लिहायची, ट्यूटर बाईंची सही घ्यायची, परीक्षेला वही सादर करायची. नोकरी लागली की ती वही माळ्यावर जाते. सरकारी वॉर्डात तिला जागा नसते, कारण तेथे वेळ नसतो. खाजगी रुग्णालयात तिला जागा असते, पण निराळ्या कारणाने. रुग्णालयांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ, एनएबीएच, २००५ साली स्थापन झाले. त्याच्या मानकांप्रमाणे परिचर्येची लेखी नोंद असावी लागते. हेतू चांगलाच आहे. परंतु तपासणीस येणार म्हटले की छापील फॉर्मवर भराभर खुणा केल्या जातात आणि पाळी संपताना आठ तासांच्या नोंदी एकदम उतरविल्या जातात. वेदना किती, दहापैकी तीन. कुशीवर वळविले, होय. पाणी दिले, होय. कागद पुरा भरलेला असतो आणि म्हातारी तहानलेली असते. येथे अप्रामाणिक परिचारिका आहे असे म्हणून सुटका नाही. ज्या व्यवस्थेने कामाला वेळ दिला नाही आणि कागदाला मात्र अट घातली, त्या व्यवस्थेने हा खोटेपणा तिच्याकडून वसूल केला आहे.

भाषेचा प्रश्नही याला चिकटून आहे. म्हातारी मराठीत बोलते, तेही आपल्या गावच्या मराठीत. ऐकणारी परिचारिका अनेकदा लातूर, बीड, सोलापूर किंवा विदर्भातल्या खेड्यातून आलेली, मराठी शाळेत शिकलेली असते. दोघींना एकमेकींचे शब्द नेमके कळतात. परंतु नोंद इंग्रजीत करायची असते, आणि तीही अमेरिकेतल्या परिषदांमध्ये ठरलेल्या ठरावीक वाक्यांत. मग 'पडदा नाही म्हणून पाणी पीत नाही' हे जिवंत वाक्य कागदावर येईपर्यंत 'द्रवाचे प्रमाण अपुरे' अशा अर्थाचे पाठ केलेले इंग्रजी वाक्य होते, आणि त्यातून पडदाही गळतो आणि लाजही गळते. पुढच्या पाळीच्या परिचारिकेला ते वाचून काय करायचे ते कळत नाही. ज्ञानाची भाषा लोकांच्या भाषेपासून तुटली की ज्ञानाचा कसा निकाल लागतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

यावर अनुभवी परिचारिकांचा एक आक्षेप आहे आणि तो आदराने ऐकला पाहिजे. त्या म्हणतात, वीस वर्षे वॉर्डात काढलेल्या सिस्टरला दारातून पाहिले तरी कळते की कोणत्या खाटेवरचा रुग्ण आज बरा दिसत नाही. तिला पाच पायऱ्यांचा जिना कशाला? आधुनिक परिचर्येच्या थोर अभ्यासक व्हर्जिनिया हेंडरसन यांनीही १९८२ साली या नावावरच प्रश्नचिन्ह उभे केले होते. प्रश्न सोडविण्याची ही रीत एकट्या परिचर्येची नाही, आणि तिच्यावर सगळा भर दिला तर अनुभवातून येणाऱ्या अंतर्ज्ञानाला व इतरांबरोबर मिळून करावयाच्या कामाला जागा उरत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. तो खरा आहे. परंतु त्या अनुभवी सिस्टरची पाळी दोन वाजता संपते आणि तिच्याबरोबर तिचे ज्ञानही बसने घरी जाते. रात्री येणारी मुलगी सहा महिन्यांपूर्वी पास झालेली असते. तिला तो जाणता डोळा कोण देणार? लिहून ठेवलेली दोन ओळींची नोंद देते. लेखी योजना ही जाणत्या परिचारिकेच्या अपमानासाठी नसून तिचे ज्ञान तिच्यानंतर टिकावे म्हणून आहे. चार पानांची वही नको, हे परिचारिकांचे म्हणणे मान्य करावे. दोन ओळी मात्र हव्यात, आणि त्या लिहिण्याइतका वेळही हवा.

तेव्हा सारा प्रश्न वेळेवर येतो, आणि वेळेचा प्रश्न संख्येवर. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण असे आहे : वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका, म्हणजे प्रत्येक पाळीत नऊ खाटांमागे एक. सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक, म्हणजे प्रत्येक पाळीत पंधरा खाटांमागे एक. शिवाय रजेवर जाणाऱ्यांसाठी तीस टक्के जादा. आता हिशेब करावा. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटे. पंधरा रुग्ण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ३२ मिनिटे येतात, नऊ असतील तर ५३. परंतु चाळीस रुग्णांच्या वॉर्डात रात्री एकटीच परिचारिका असेल, आणि सरकारी रुग्णालयांत ही स्थिती कोणालाही अपरिचित नाही, तर प्रत्येकाच्या वाट्याला १२ मिनिटे येतात. त्यातच इंजेक्शने, सलाईन, नवीन भरती, नातेवाइकांचे प्रश्न, औषधांचा हिशेब आणि सगळ्या नोंदी. खाटांच्या मध्ये जमिनीवर गाद्या टाकलेल्या असतील तर तो हिशेबही कोलमडतो. स्टुलावर बसण्याची पाच मिनिटे कोठून आणायची?

ही केवळ परिचारिकांच्या सोयीची गोष्ट नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. परिचारिकेवर एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. कॅलिफोर्नियाने १९९९ साली परिचारिका व रुग्ण यांचे प्रमाण ठरविणारा कायदा केला आणि २००४ पासून तो अमलात आणला. आपल्याकडचे प्रमाण हे परिषदेचे प्रमाण आहे, ते मोडणाऱ्याला शिक्षा नाही. खाजगी शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा अर्हताप्राप्त परिचारिकांचे 'योग्य प्रमाण' असावे असे म्हणतो. योग्य म्हणजे किती, हे तो कायदा आकड्यात सांगत नाही. पेठापेठांतून दवाखान्यांच्या जिन्यांवर गणवेश घालून धावणाऱ्या मुलींपैकी कित्येकींनी परिचर्येचे शिक्षण घेतलेलेच नसते, आणि या मोघमपणाची किंमत त्यांच्या पगारातून व रुग्णांच्या जिवातून दिली जाते. खाजगी परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके, आणि पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीही किमान वीस हजार रुपये वेतन सुचविले. शिफारस झाली, सक्ती झाली नाही. १९४७ च्या कायद्याच्या जागी २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा आला, त्याचा रोख शिक्षण आणि नोंदणी यांवर आहे.

करोनाच्या साथीत हे सारे पुण्याने उघड्या डोळ्यांनी पाहिले. शनिवार पेठेच्या नदीपलीकडे, अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर, ऑगस्ट २०२० मध्ये आठशे खाटांचे जंबो रुग्णालय काही आठवड्यांत उभे राहिले. मांडव उभा राहिला, खाटा आल्या, प्राणवायूच्या नळ्या आल्या. पण पहिल्या दिवसांत खाटेशी उभे राहणारे पुरेसे प्रशिक्षित हात नव्हते, आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली. खाट एका दिवसात विकत घेता येते. परिचारिका घडायला तीन-चार वर्षे लागतात आणि ती टिकायला सन्मान लागतो. हे शिकूनही मे २०२२ च्या अखेरीस राज्यातील परिचारिकांना संपावर जावे लागले, कारण त्यांची पदे बाहेरच्या ठेकेदार संस्थांमार्फत भरण्याचा घाट घातला गेला होता. अकरा महिन्यांच्या करारावरची परिचारिका रुग्णाची योजना आखणार तरी कशी? पुढच्या महिन्यात आपण येथे असू की नाही, याचीच योजना तिच्या हातात नसते.

या उपेक्षेचे मूळ मात्र संख्येच्याही खाली आहे. आजाऱ्याचे मलमूत्र, रक्त, पू यांना हात लावणे हे काम जातिव्यवस्थेने हलके ठरविले आणि पुरुषसत्तेने ते बायकांच्या पदरात टाकले. भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात ४३,००० माणसांमागे एक परिचारिका होती. जो समाज स्पर्शाला विटाळ मानतो, त्या समाजात शुश्रूषेचा व्यवसाय वाढणार कसा? याच पुण्याने त्याला उत्तरेही दिली आहेत. १८९७ च्या प्लेगात सरकार रँडच्या हुकुमाने गोऱ्या सोजिरांच्या रूपाने पेठांतल्या घराघरांत शिरले. त्याच साथीत हडपसरजवळच्या माळावर डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या बाबाजी गायकवाडांच्या पांडुरंग नावाच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले, आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. एकाच वर्षी, एकाच शहरात, आजाऱ्याला दोन प्रकारच्या हातांनी स्पर्श केला. पुढे १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन स्थापन केले आणि विधवा व परित्यक्ता स्त्रियांना ससूनमध्ये परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठविले. कुलीन घरातल्या बाईने परक्याच्या अंगाला हात लावायचा, हे त्या काळी किती अवघड होते याची कल्पना आज करता येणार नाही. त्या स्त्रियांनी समाजाला एक व्यवसाय मिळवून दिला. समाजाने त्याला सेवा म्हटले आणि सेवेच्या नावाखाली त्याचे मोल बुडविले.

परिचर्या कोठवर जाऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. मुंबईच्या परळ येथील केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका सफाई कामगाराने पाशवी अत्याचार केला. मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली सुमारे बेचाळीस वर्षे त्या रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. ज्यांनी अरुणाताईंना चालता-बोलताना पाहिले होते त्या निवृत्त झाल्या, ज्यांचा त्या घटनेच्या वेळी जन्मही झाला नव्हता त्या मुली आल्या, आणि काम एका हातातून दुसऱ्या हातात गेले. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण पडू दिले गेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात या शुश्रूषेचा गौरव केला आणि त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार रुग्णालयातील या माणसांचाच मानला. ज्या रुग्णाला सांगता येत नाही, त्याला काय हवे ते ओळखणे, त्याप्रमाणे करणे, ते मानवले की नाही हे पाहणे आणि पुढच्या पाळीला सांगून जाणे, हे बेचाळीस वर्षे अखंड चालले. पाठ्यपुस्तकातल्या पाच पायऱ्या यापेक्षा वेगळे काय सांगतात? आणि हेही विसरता येणार नाही, की जिच्या सहकारिणींनी हे केले, तिला स्वतःला रुग्णालयात कपडे बदलण्यासाठीही सुरक्षित जागा मिळाली नव्हती.

त्याच्या उलट बाजूही पाहिली पाहिजे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा रुग्ण दगावले. पुढच्या काही दिवसांत अटक झाली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्यासह तीन परिचारिकांना. त्यांचा दोष किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. परंतु इमारतीची वीजव्यवस्था कशी असावी, आग विझविण्याची साधने कोठे असावीत, पाळीवर किती माणसे असावीत, या निर्णयांत परिचारिकेला कधी कोणी विचारले होते काय? निर्णयाच्या वेळी जिला हात समजले जाते, तिला शिक्षेच्या वेळी मात्र संपूर्ण माणूस समजले जाते. जबाबदारी द्यायची असेल तर अधिकारही द्यावा लागेल. परिचर्या-प्रक्रियेचा खरा अर्थ तोच आहे.

मग काय करावे? पहिली गोष्ट, परिचारिका व खाटा यांचे प्रमाण राज्याच्या कायद्यात आकड्याने लिहिले जावे, आणि कोणत्या पाळीत किती परिचारिका हजर आहेत याचा फलक प्रत्येक वॉर्डाच्या दारावर, रुग्णाच्या नातेवाइकांना वाचता येईल असा लावावा. दुसरी, वॉर्डात कामांऐवजी रुग्ण वाटून द्यावेत. त्याला खर्च येत नाही, फक्त जुनी सवय मोडावी लागते. तिसरी, नोंद मराठीत करण्याची मुभा असावी, ती लहान असावी, आणि राउंडच्या वेळी डॉक्टरांनी ती वाचून मगच रुग्णाकडे वळावे. चौथी, कायम पदे कायम माणसांनी भरावीत. पाचवी गोष्ट नागरिकांनी करावयाची आहे. परिचारिका संपावर गेल्या की रुग्णांचे हाल झाले असे मथळे येतात. संप नसलेल्या दिवशी चाळीस रुग्णांमागे एकटी परिचारिका असते, तेव्हाही रुग्णांचे हालच होत असतात. ते हाल मुकाट असतात म्हणून त्यांचा मथळा होत नाही. परिचारिकांच्या मागण्यांमागे रुग्णांच्या नातेवाइकांनी उभे राहावे, कारण त्या मागण्या त्यांच्याच आहेत.

वेल्ह्याकडची ती म्हातारी उद्याही कोणत्या तरी वॉर्डात पडून असेल. तिच्या टेबलावर पाण्याचा पेला भरलेला असेल. तो तसाच का आहे, हे पाहायला शिकलेली मुलगी त्याच वॉर्डात इंजेक्शनांचा ट्रे घेऊन चोविसाव्या खाटेकडे धावत असेल. तिला त्या पेल्यापाशी पाच मिनिटे थांबू द्यायचे की नाही, हे ठरविणे तिच्या एकटीच्या हातात नाही.